समंध, राहणार डोंबिवली (पूर्व)

मराठी भुताला डोंबिवलीत जागा मिळत नाही, ही तक्रार मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. तक्रार करणारा मीच असल्यामुळे ती ऐकण्यावाचून गत्यंतर नाही.

माझी इच्छा तशी माफक आहे. जन्माला येऊन एक तरी झकास रहस्यकथा लिहावी. तिच्यात एक भूत असावे, त्या भुताच्या मागावर एक डिटेक्टिव्ह असावा, वाचणाऱ्याला भीती वाटता वाटता हसू यावे, आणि हे सगळे डोंबिवलीत घडावे. पहिल्या तीन अटी कशाबशा पुऱ्या होतात. चौथीपाशी घोडे पेंड खाते.

एरवी मराठी वाचकाला या प्रांतात काही कमी नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळा पहाड, त्यांचे धनंजय-छोटू यांना एका पिढीने घरच्या माणसांसारखे ओळखले. गुरुनाथ नाईकांनीही हजाराची वेस ओलांडली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्यात सायकल मारत चोर पकडत होता. आणि नारायण धारपांनी तर भुताखेतांसाठी खास माणूस नेमला होता. त्यांचे समर्थ म्हणजे अमानवी खात्याचे शेरलॉक होम्स. सोबतीला अप्पा. वाड्यातली बंद खोली उघडायची, आत काय आहे ते ओळखायचे आणि त्याचा कायमचा बंदोबस्त करायचा.

आता मला सांगा, ही पुस्तके सगळ्यांत जास्त वाचली कोणी? माझ्या मते लोकलमधल्या चाकरमान्यांनी. एका हातात कडी, दुसऱ्या हातात पुस्तक, बगलेत डबा, आणि पान उलटायला नाक. एवढ्या निष्ठेने वाचणाऱ्या माणसांच्या गावात या लेखकांनी, माझ्या वाचनात आल्याप्रमाणे, एक साधे प्रेतसुद्धा टाकले नाही. कारण उघड आहे. रहस्यकथेची सुरुवात होते ती 'एका निर्जन बंगल्यात' या शब्दांनी. डोंबिवलीत बंगले होते. निर्जन हा शब्द मात्र आमच्या म्युनिसिपालटीच्या हद्दीत कधी आलाच नाही.

ठाण्याची गोष्ट वेगळी. ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळ्यांना कैदेत ठेवले होते. १८१६ साली तिथून ते पसार झाले. बाहेरचा निरोप म्हणे एका मोतद्दाराने घोड्याला खरारा करता करता मराठी गाण्यातून आत पोचवला. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी येत नव्हते. (मुंबईच्या आसपास राहून मराठी न शिकल्याचा तोटा झाल्याचे हे बहुधा पहिलेच आणि शेवटचेच उदाहरण.) कल्याणला दुर्गाडी किल्ला आहे, शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या आठवणी आहेत. ठाण्याला इतिहास आहे, कल्याणला इतिहास आहे. डोंबिवलीला वेळापत्रक आहे.

बरे, भुताच्या गरजा काही फार नसतात. मुंज्याला एक पिंपळ लागतो. गिऱ्ह्याला पाणी लागते. चकव्याला एक तिठा आणि रस्ता चुकलेला वाटसरू लागतो. समंधाला पडका वाडा आणि जमल्यास थोडे पुरलेले धन. आणि सर्वांना मिळून अमावास्येची मध्यरात्र. एवढ्याशा सामानावर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या भुतांचे संसार चालले.

आमच्याकडे बघा. पिंपळ आहे, नाही असे नाही. पण तो चौथ्या मजल्यावरच्या सांडपाण्याच्या पाइपातून उगवलेला आहे आणि दर मे महिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्या मुळात अॅसिड ओततात. त्यावर कुठला मुंजा बसणार? विहिरीवर स्लॅब पडली, स्लॅबवर स्कूटर उभ्या राहिल्या. गिऱ्हा आत असलाच तर बिचारा पार्किंग मोकळे होण्याची वाट पाहत असेल. पडका वाडा दिसला की भुताच्या आधी बिल्डर येतो. चकव्याचे तर मला खरोखर वाईट वाटते. माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवत ठेवायचे हा त्याचा वंशपरंपरागत धंदा. कल्याण-शीळ रस्त्याने तो भर संध्याकाळी, हजारोंच्या संख्येने आणि मंत्रतंत्राशिवाय करून दाखवला. चकवा पोटापाण्याला मुकला.

राहता राहिली मध्यरात्र. रात्री बारा वाजता डोंबिवली स्टेशनवर माणसे गाडीतून उतरत असतात, आणि उतरून रिक्षाच्या रांगेत उभी राहतात. शेवटची गाडी गेल्यापासून पहिली गाडी निघेपर्यंत भुताच्या हाती जेमतेम दोन-अडीच तास उरतात. त्यात नळाला पाणी येते. आमच्या इमारतीत रात्री दोन वाजता पांढऱ्या गाऊनमधली, केस मोकळे सोडलेली बाई जिन्यात दिसली, तर पाहणाऱ्याची बोबडी वळत नाही. तो विचारतो, "आलं का हो वहिनी पाणी?"

नोकरीत असताना मी हा प्रश्न गाडीतल्या मंडळींपुढे मांडला होता. आमच्या ग्रुपात एकमेकांची नावे कुणाला फारशी ठाऊक नव्हती. माणूस जागेवरून ओळखायचा. खिडकीवाले, मधले, आणि चौथी सीट. तिघांच्या बाकावर कडेला जो अर्धा टेकतो आणि अर्धा देवाच्या भरवशावर राहतो, तो चौथी सीट.

"भूत ठेवा, पण जागेचं काय?" मधल्यांनी विचारले. "डिपॉझिट कोण भरणार?"

"माझ्या मेव्हण्याचा ब्लॉक आहे," खिडकीवाले म्हणाले, "भाडेकरू सोडत नाहीये. त्याला पाहिजेच आहे एखादं भूत."

"अहो, तो भाडेकरू भुतालाच पोटभाडेकरू ठेवील!"

चौथी सीट फारसे बोलत नसे. बोलणाऱ्याचा तोल जातो. पण त्या दिवशी तो म्हणाला, "भुताला घाबरायला माणूस घरी असावा लागतो. आहे कोण घरी?"

सगळे हसले आणि दिवा आले. तो विषय तिथेच राहिला.

तसे डोंबिवलीत चमत्कार घडत नाहीत असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०१४ मध्ये औद्योगिक वसाहतीच्या बाजूला हिरवा पाऊस पडला. जानेवारीत पाऊस हेच एक आक्रीत, त्यात तो हिरवा. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथलाच एक रस्ता गुलाबी झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणी करून गेले. हिरवा पाऊस आणि गुलाबी रस्ता! एवढा मालमसाला समर्थांच्या हाती लागता तर दोनशे पाने कुठे गेली नसती. इथे दोन परिच्छेदांत निकाल लागला. कारखान्यांतली रसायने. भूत नाही, करणी नाही, पिशाच्च नाही. रहस्य उलगडल्यावर वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकायचा असतो, तो टाकण्यासाठी आधी श्वास घ्यावा लागतो, आणि तिथे तर सगळ्यांनी नाकाला रुमाल लावलेले. २०२२ साली 'झोंबिवली' नावाचा सिनेमा आला तेव्हा मात्र मला आनंद झाला. निदान आयात केलेली का होईना, भुते आमच्या गावात उतरली. पण ती झाँबी मंडळी. त्यांना ना नाव, ना गाव, ना अपुरी राहिलेली इच्छा. ज्याला इच्छा नाही ते कसले भूत? तो तर नुसता धक्का मारणारा प्रवासी.

मग मी ठरवले, या डोंबिवलीत जमत नसेल तर दुसरी डोंबिवली करू. हल्लीचे लेखक याला पर्यायी विश्व म्हणतात आणि मोठा शोध लावल्यासारखा चेहरा करतात. आपल्याकडे विश्वामित्राने हे काम कधीच करून ठेवले आहे. त्रिशंकूला स्वर्गात घेईनात आणि खाली तर येववेना, तेव्हा त्याच्यासाठी प्रतिसृष्टी उभी केली. ना इकडे ना तिकडे असा लोंबकळणारा माणूस हीच प्रतिसृष्टीची पात्रता असेल, तर ठाणे ते कल्याण या पट्ट्यातून किती अर्ज येतील याचा हिशेब विश्वामित्राने केला नसावा.

मराठीत याला आणखी एक आधार आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक असलेले पंत एका अपघातानंतर भलत्याच जगात जाऊन पोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, चाटून जाते, आणि मराठे लढाई जिंकतात. पंत त्या जगातल्या पुण्याहून जिजामाता एक्स्प्रेसने मुंबईला येतात. या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेले. त्यात ती गाडी कर्जतला थोडी टेकते आणि कल्याणमधून धडधडत निघून जाते. थांबत नाही! म्हणजे पानिपत जिंकले, सारा इतिहास बदलला, पण कल्याणला थांबा मिळाला नाही. नारळीकर शास्त्रज्ञ होते. कोणत्या गोष्टी कुठल्याही विश्वात बदलत नाहीत हे त्यांना बरोबर ठाऊक असणार.

प्रति-डोंबिवलीत शिरायचे दार शोधायला मला मुळीच त्रास पडला नाही. पारसिकचा बोगदा. १९१६ साली सुरू झालेला, सुमारे १.३ किलोमीटर लांब. कळव्याच्या बाजूने गाडी उजेडात आत शिरायची आणि काळोखातून दिव्याच्या बाजूला बाहेर पडायची. मधल्या वेळात दिवे लुकलुकायचे, चाकांचा आवाज बदलायचा, शेजारच्या माणसाचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. लहानपणी आम्ही बोगद्यात ओरडायचो. मोठेपणी गप्प बसायचो. माझा सिद्धान्त असा, की दमलेला माणूस त्या काळोखात उभ्या उभ्या झोपला, तर दिव्याला बाहेर पडते ती दुसरी गाडी. (२०२२ साली ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यावर जलद लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना गेला. तिथे लोक बर्थवर आडवे होऊन झोपतात. त्याने काही साधत नाही.)

तर त्या डोंबिवलीत सगळी भुते राहतात. आपल्याकडे कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईला आला, देव सोबत घेऊन आला आणि भुते मात्र गावीच ठेवून आला. तिथे उलटे झाले. भुते चाकरीला आली. वेताळ सोसायटीचा चेअरमन आहे. पूर्वी अमावास्येला मशालींसह त्याची पालखी निघायची, आता जनरल बॉडी निघते. गिऱ्हा पाणीखात्यात आहे. चकव्याची रिक्षा आहे आणि त्याला मीटर नाही. हडळी नोकरी करतात. पाय उलटे असल्यामुळे त्या गाडीत चढत असल्या तरी लोकांना वाटते उतरताहेत, आणि लोक वाट देतात. हा एकच फायदा बघून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या होत्या, "मला चालेल."

आमचे डिटेक्टिव्ह आहेत समंधकाका. समंध म्हणजे भुतांतला पदवीधर. इच्छा अपुरी राहिली की माणूस मागे राहतो. काकांनी हयातभर एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळले आणि तेहतीस वर्षे चौथ्या सीटवर बसून प्रवास केला. खिडकी मिळाली नाही. तेवढ्यासाठी ते मागे राहिले. त्यांच्याकडे भिंग नाही, पिस्तूल नाही. तपकिरीची डबी आहे आणि कुठलाही कागद कुठल्या फायलीत असेल हे सांगणारे नाक आहे. मदतनीस म्हणून एक मुंजा. वय वर्षे आठ, गेली दीडशे वर्षे.

पहिली केस घेऊन आली ती तिसऱ्या मजल्यावरची हडळ. पदराने डोळे पुसत म्हणाली, "काका, आमच्या घरात काहीतरी आहे हो."

"काय दिसतं?"

"दिसत नाही काही. रात्री दहाच्या पुढे कडी वाजते. झाकून ठेवलेलं पान सकाळी रिकामं, आणि घासून पालथं घातलेलं असतं. पहाटे मोरीत पाण्याचा आवाज. उठून पाहावं तर कोणी नाही, साबण तेवढा ओला. खुंटीवरची छत्री कधी असते, कधी नसते. आणि बाळाच्या उशाशी खाऱ्या दाण्यांची पुडी सापडते."

"बाळ घाबरतं?"

"घाबरत नाही हो. वाट बघतं. मला त्याचीच भीती वाटते."

काकांनी चिमूटभर तपकीर ओढली. प्रति-डोंबिवलीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिथे जिवंत माणसाला रात्री मुक्कामाला मनाई. सोसायटीच्या पोटनियमांत तसे स्पष्ट लिहिले आहे आणि वेताळ पोटनियमांच्या बाबतीत फार कडक. त्या रात्री काका आणि मुंजा माळ्यावर, पितळी हंड्यांच्या मागे, लोंबत बसले. दहा वाजून दहा मिनिटांनी कडी वाजली. एक इसम आत आला. चपला हातात घेऊन. दिवा न लावता त्याने ताट उघडले, भिंतीकडे तोंड करून जेवला, ताट घासले, आणि मग पोराच्या उशाशी जाऊन बसला. नुसता बसला. पंधरा मिनिटे.

काकांनी माळ्यावरून खाली उतरून परंपरेप्रमाणे आवाज चढवला, "कोण आहेस तू? कुठल्या झाडाचा? बोल, काय पाहिजे तुला? नारळ? कोंबडं? दहीभात?"

"हळू बोला," इसम म्हणाला. "पोर उठेल."

"काय पाहिजे ते सांग आणि हे घर सोड!"

इसमाने जरा विचार केला. "रविवार मिळेल का एखादा?"

आता इतक्या वर्षांच्या धंद्यात काकांकडे कोणी रविवार मागितला नव्हता. नारळ देता येतो, तिठ्यावर उतारा ठेवता येतो. "रविवार असतो ना तुम्हाला?" काकांनी विचारले. आवाज आपोआप खाली आला होता, आणि 'तू'चे 'तुम्ही' झाले होते.

"असतो. पण त्यात रेशन असतं, दळण असतं, रॉकेलची रांग असते. मला रिकामा पाहिजे."

मुंज्याने तोवर इसमाच्या खिशातून पास काढला होता. डोंबिवली ते व्ही.टी., दुसरा वर्ग. डोंबिवली आपली. काका सगळे समजले. माणूस बोगद्यात उभ्या उभ्या झोपला होता. एकदा नव्हे, रोज.

कथा इथवर आली आणि अडली. मी मंडळींना ती गाडीत वाचून दाखवली होती.

"मग घालवलं की नाही त्याला?" मधल्यांनी विचारले. "डिटेक्टिव्हने केस सोडवली पाहिजे."

"वेताळ गप्प बसेल का? नियम म्हणजे नियम," खिडकीवाले म्हणाले. ते त्यांच्या सोसायटीत खजिनदार होते.

चौथी सीट म्हणाला, "पासाची मुदत कधी संपते?"

या प्रश्नाचे उत्तर मी टाळले. कारण या केसमधला पुरावा मी कल्पनेने रचलेला नव्हता. तो आमच्या घरातला होता.

१९७० साली मी आठ वर्षांचा होतो. रामनगरात दोन खोल्या, मोरी आतच. वडील सकाळी सहा बावनच्या गाडीला जायचे, तेव्हा मी झोपलेला असायचो. फोर्टात कचेरी, ती सुटल्यावर एका व्यापाऱ्याकडे दोन तास हिशेब लिहायचे, आणि घरी यायचे दहाला, तेव्हाही मी झोपलेला असायचो. शनिवारी अर्धा दिवस, पण तो अर्धा त्या व्यापाऱ्याने घेतला होता. रविवारचे वर सांगितलेच. म्हणजे सोमवार ते शनिवार मी वडिलांना पुराव्यांवरून ओळखत होतो. ओला साबण. छत्री नाही, म्हणजे त्यांना पावसाचा अंदाज आहे. दाढीचा ब्रश कोरडा, म्हणजे आज पाणी उशिरा आले. उशाशी दाणे, म्हणजे पगार झाला. अर्नाळकर वाचणाऱ्या मुलाला एवढे सहज जमते.

ती पुस्तकेही तेच आणायचे. स्टेशनजवळ एका गाळ्यात लायब्ररी होती. दारातल्या फळ्या अर्ध्या लागल्या असताना ते आत हात घालून पुस्तक बदलायचे. (ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे. तिथे रीतसर कपाटे. आमच्या गाळ्यात तेलाच्या डब्यांवर फळ्या.) वर्गणी एक, पुस्तक एक, वाचणारे दोघे. त्यामुळे पाळी ठरली होती. एक दिवस पुस्तक त्यांच्याबरोबर गाडीत, एक दिवस माझ्या उशाखाली. शाळा दुपारची, तेव्हा सकाळ माझी.

एकदा मी साठाव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिले, 'खुनी : वकील.' एक दिवसाआड पुस्तक परत उशाखाली आले तेव्हा खाली बारीक, हिशेबाच्या वहीतल्यासारख्या अक्षरात लिहिलेले होते, 'नाही. वकील पान ४२ वर पुण्यास गेला आहे. नीट वाच.' मी लिहिले, 'मग डॉक्टर?' उत्तर आले, 'पान ७१ पर्यंत थांब. गणिताचा पेपर कपाटात ठेव, पाहायचा आहे.' मी पेपर ठेवला नाही. पान ७१ वर लिहिलेले होते, 'पेपर मिळाला नाही. गादीखाली होता. तिथे कोणीही पाहील. बाकी तुझे बरोबर, डॉक्टरच.'

अशी आम्ही दोन-तीन वर्षांत पुष्कळ पुस्तके वाचली. पुढे त्यात खुनी कमी आणि इतर मजकूर जास्त येऊ लागला. आईचे डोके दुखते आहे, तिला विचारत जा. मावशीकडे लग्नाला जायचे का? सहामाहीत कितवा? एकदा मी विचारले होते, 'रविवारी किल्ल्यावर जाऊ या का, दुर्गाडीच्या?' त्याखाली दोन पाळ्या काहीच नव्हते. तिसऱ्या पाळीला 'पाहू' असे होते.

लायब्ररीवाल्याच्या लक्षात यायला नको म्हणून पुस्तक बदलायच्या दिवशी ते सगळे खोडून टाकायचे. गाडीत, उभ्याने, खोडरबराने. त्यामुळे आज माझ्याकडे दाखवायला काही नाही. पुढे ती लायब्ररी गेली, गाळ्यात मोबाइलचे दुकान आले.

समंधकाकांच्या केसचा शेवट मी नंतर लिहिला. काकांनी वेताळापुढे अहवाल ठेवला. 'सदर इसम निरुपद्रवी असून ताट स्वतः घासतो.' वेताळाने पोटनियम काढला. काकांनी एकशे सदतीस सालचा ठराव काढला. वेताळाने तो वाचेपर्यंत पंधरा मिनिटे गेली, आणि पंधरा मिनिटांचे काम झालेच होते. मग रोज एक ठराव. काकांकडे रेकॉर्ड भरपूर आहे. खिडकीवाल्यांना हा शेवट बेकायदेशीर वाटला. चौथी सीट काही बोलला नाही, पण ठाण्याला उतरताना त्याने माझ्या खिशात खाऱ्या दाण्यांची पुडी घातली.

वडील १९८९ साली निवृत्त झाले. पहिल्याच आठवड्यात आई जिन्यात उभी राहून शेजारच्या काकूंना हलक्या आवाजात सांगत होती, "काय सांगू तुम्हाला, घरात दिवसभर कोणीतरी वावरतंय असं वाटतं हो."